स्वप्नालीच्या निवडीवरची हरकत मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
युवा विनिमय समिती,
बालाघाट सेवा क्लब, केज, जि. बीड.

विषय : कु. स्वप्नाली विजयसिंह शेळके हिच्या डेन्मार्कसाठीच्या निवडीवर घेतलेली हरकत मागे घेणेबाबत.
संदर्भ : माझा दि. २८ जूनचा हरकत अर्ज.

महोदय,

वरील विषयी सादर करते की, मी रोहिणी त्रिंबक सानप, इयत्ता बारावी. आई-वडील ऊसतोडणीला जातात. आपला क्लब दरवर्षी एका विद्यार्थ्याला दहा महिन्यांसाठी परदेशी पाठवतो. यंदाच्या मुलाखतीत मी दुसरी आले. पहिली आलेली स्वप्नाली माझी पाचवीपासूनची मैत्रीण आहे.

१) निकालाच्या दिवशी आपण माइकवर सांगितले की, ऊसतोड मजुरांची मुले शाळेत टिकवल्याची हकिकत स्वप्नालीने सांगितली आणि समिती भारावून गेली. ते काम माझे आहे. आठवीत असताना, ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघायच्या दिवशी मी ट्रकपुढे उभी राहिले आणि मुकादम तात्याबांना म्हणाले, "पोरं नेऊ नका, मी सांभाळते." वस्तीवरची नऊ मुले मागे राहिली. दोन हंगाम त्यांच्या भाकरी मी केल्या, त्यांना शाळेत मी नेले. स्वप्नाली तेव्हा वडिलांच्या गाडीतून शिकवणीला जात होती. म्हणून, माझे काम तिने स्वतःचे म्हणून सांगितले, अशी हरकत मी घेतली. खात्री केली नव्हती.

२) का केली नाही, हेही नमूद करते. निकालानंतर तिने मला घरी बोलावले होते. चाकांची नवी बॅग, क्लबचा निळा कोट, बर्फात घालायचे जाकीट, सगळे पलंगावर मांडले होते. ती चहा आणायला आत गेली तेव्हा मी जाकीट अंगात घालून पाहिले. तिने घालून दाखवले तेव्हा तिला ते खांद्यात सैल होते. मला बरोबर बसले. हरकत अर्ज मी दुसऱ्याच दिवशी लिहिला.

३) त्यावरून आपण नियमाप्रमाणे चौकशी लावली व ती पुरी होईपर्यंत तिचे जाणे थांबवले. दि. ७ रोजी सचिव सुनिता मॅडमनी मला बोलावून तिच्या मुलाखतीची नोंद वाचून दाखवली. पुढाकार घेणे म्हणजे काय, या प्रश्नाला तिचे उत्तर त्यात लिहिले आहे : "हे माझ्या मैत्रिणीने केलं. तिचं नाव रोहिणी सानप. पुढे होऊन काम कसं करायचं, ते मी तिच्याकडून शिकले." तोच प्रश्न मलाही विचारला होता. मी गाईडमधली पाठ केलेली तीन इंग्रजी वाक्ये म्हटली. कोट घातलेल्या पाच जणांसमोर टोळीचे आणि भाकरीचे बोलायची मला लाज वाटली.

बाहेर स्वप्नाली उभी होती. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "तू कावून न्हाई सांगितलंस गं? तुझंच व्हतं की."

मी म्हणाले, "मग तू कशाला सांगितलंस?"

मला तेव्हाही तिचा रागच आला. तिने खरोखर चोरी केली असती तर मला सोपे गेले असते.

४) सबब, माझी हरकत खोटी होती, ती रद्द करावी. तिची व्हिसाची तारीख १६ जुलै, मुंबई येथे आहे. त्याआधी चौकशी बंद केल्याचे पत्र तिला मिळावे. तिचे जाणे रद्द झाल्यास प्रतीक्षा यादीप्रमाणे माझे नाव लागते. ते लावू नये. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही, हे मला माहीत आहे. हा परिच्छेद मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे.

५) निरोप समारंभात तिला गुच्छ माझ्या हस्ते द्यावा, असे सुनिता मॅडमनी सुचवले आहे. कृपया ते काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे. ती जावी, असे मी माझ्या सहीने लिहून देत आहे. तिथे उभे राहून हसणे मला अजून जमणार नाही.

आपली नम्र अर्जदार,
रोहिणी त्रिंबक सानप
खालची वस्ती, केज
दि. ९ जुलै २०२५

सोबत : दि. २८ जूनच्या हरकत अर्जाची पोच (मूळ प्रत).