चिंचेच्या झाडाची गल्ली

चि. वेंकोबा, तुला आणि वाणीला अक्काचे आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी सडा घालून मी दारापुढे रांगोळी काढत होते. हे गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि या गल्लीत राहायला आल्यापासूनही. समोरच्या कनकाम्मा धावत आल्या आणि त्यांनी रांगोळीवर बादलीभर पाणी ओतले. मला वाटले, विधवेने काढली म्हणून. मी दार लावून घेतले.

दुपारी त्याच सांबार घेऊन आल्या. म्हणाल्या, “रागावलीस? गल्लीची पाटी वाचलीस ना?”

“वाचली. चिंचेचे झाड. पण झाड कुठेय?”

“तोडले. गोऱ्या साहेबाच्या शिपायांनी इथल्या विणकरांना चाबकाने सोलून त्या झाडावर फाशी दिले. प्रेते उतरवायला गेलेल्या बायकांचे हात तोडले. रक्त उंबऱ्यांपर्यंत आले होते, असे माझी आजी सांगायची. तो दिवस आजचाच; दरवर्षी या दिवशी गल्लीत कुणीच रांगोळी काढत नाही. तू आता आमच्यातलीच, म्हणून सांगायचे सुचलेच नाही.”

मी बाहेर पाहिले. एकाही दारापुढे रांगोळी नव्हती.

तुझा गुडघा कसा आहे? मला तंजावरला न्यायला येऊ नकोस. मी इथेच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी काढली, तशी मीही दारापुढे रांगोळी काढली.

तुझी,
राजसअक्का