ओळखीचे कावळे

विश्रांतवाडी, पुणे
बुधवार, दुपार

प्रिय अवनी,

काल फोनवर तू म्हणालीस, सोमवारी राजीनामा देते, आणि मी म्हणालो, बरं. मग तू विचारलंस, बाबा, जेवलात का, तर त्यालाही मी बरं म्हणालो. फोनवर माझं हे असं होतं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलेलं असतं, पण तुझा आवाज आला की तो आणखी थोडा वेळ चालू राहावा एवढीच अक्कल शिल्लक राहते. म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंना विचारून आलो, त्या म्हणतात शनिवारी पोचेल. म्हणताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, पण विश्वास ठेवणं भाग आहे. सोमवारच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं.

घराचं म्हणशील तर ठीक चाललं आहे. डबा लावला आहे. डब्यातली आमटी रोज एकाच चवीची असते, तक्रार करावी तर तीही रोज तीच करावी लागेल. तुझी आई असताना वर्तमानपत्रातली आकड्यांची कोडी ती मोठ्यानं सोडवायची. सात इथे बसत नाही, मेला, असं त्या सातालाच बोलायची. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांशी तिचे घरचे संबंध होते. आता पेपर येतो, मी वाचतो आणि घडी घालून ठेवतो. परवा कुठल्याशा आरोग्य विम्याच्या मुलीचा फोन आला. मी तिला सतरा प्रश्न विचारले, गुडघ्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी तीच म्हणाली, सर, मला दुसरे कॉल्स करायचे आहेत. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. एकटेपणा वाईट असतो हे ऐकून होतो. तो माणसाला इतका चिकट करून सोडतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

घराबाहेर मात्र सोबतीला तोटा नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की समोरच्या शिरीषावरचा पहिला कावळा हाळी देतो, दुसरा तारेवरून उत्तर देतो, आणि आळंदी रस्त्याला लागेपर्यंत डोक्यावर आठ-दहा जण जमलेले असतात. एखादा टाळूला पंखही लावून जातो. तुझी आई माझ्याबरोबर चालायची नाही, दहा पावलं मागून यायची. लोकांना वाटायचं, काय जुन्या वळणाची बाई आहे. खरं कारण तुला माहीत आहे. धुतलेल्या साडीवर शिटलेलं तिला खपत नसे. अहो, तुमची मिरवणूक पुढे जाऊ द्या, मी येते, असं म्हणायची.

हे सगळं सुरू झालं तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. हडपसरच्या पुढे मांजरीकडे नदीत वाळूचं एक बेट होतं. मी तुला रविवारी तिथे घेऊन जायचो, आठवतंय का? बेटावर नदीसुरय पक्षी अंडी घालायचे, उघड्या वाळूवर, घरटंबिरटं काही नाही. कावळे येऊन ती अंडी फस्त करत. सलग तीन वर्षं एकही पिल्लू वाचलं नव्हतं. मला वाटलं, सगळेच कावळे काही अंडीचोर नसणार. दोन-चार पटाईत असतील आणि बाकीचे त्यांचं बघून शिकत असतील. ते ओळखायचे म्हणून कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत मी काठावर पिंजरा लावला, आत मासळीची मुंडकी टाकली आणि सापडेल त्या कावळ्याच्या पायात रंगीत कडं घालून त्याला सोडून द्यायला लागलो. आदल्या दिवशी तुझी आई म्हणाली होती, तोंडाला पंचा गुंडाळून जा. मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. मी म्हणालो, कावळ्याला काय कळतंय.

कावळ्याला सगळं कळतं. हातात धरलेला कावळा जिवाच्या आकांतानं ओरडायचा आणि आजूबाजूचे शंभरभर जमून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. चौथ्या दिवसापासून मी काठावर नुसता उभा राहिलो तरी एकही कावळा बेटाकडे फिरकेना. मग पिंजरा गुंडाळला आणि दोन महिने छत्री घेऊन रोज तिथे बसून राहिलो. नुसतं तोंड दाखवायचं, एवढंच काम. त्या वर्षी एकोणतीस पिल्लं उडाली. इतका बिनखर्चाचा संवर्धन प्रकल्प दुसरा झाला नसेल. पुढे वाळू गेली, बेट गेलं, सुरय गेले. माझी बदनामी तेवढी टिकली. संध्याकाळी कावळे नदीकाठच्या झाडांवर हजारोंनी मुक्कामाला जमतात, तिथे ती साऱ्या पुण्यात पसरली असणार. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मी हातात धरलेल्यांपैकी आज एखाददुसरा जिवंत असेल. आता माझ्या डोक्यावर ओरडतात ती त्यांची पतवंडं. त्यांचं मी काही केलेलं नाही. थोरले ओरडतात म्हणून धाकटे ओरडायला शिकले. माझ्यासाठी त्यांचा एक खास आवाज आहे, लांबट आणि घशातून ओढलेला. मांजरासाठीचा वेगळा, घारीसाठीचा वेगळा. आपल्या तीन पिढ्यांत कुळाचार टिकत नाही, त्यांनी माझा चेहरा टिकवला.

पक्षी एकमेकांचं बघून कसे शिकतात, तू याच गोष्टीमागे लागलीस याचा मला केवढा अभिमान आहे, ते तुझ्या आईसमोर कधी बोललो नाही. बोललो असतो तर घरात दोन तट पडले असते, आणि मला तिच्या तटात राहायचं होतं. तुझ्या मागच्या पत्रातलं तुमच्या गिधाडांच्या केंद्राचं वर्णन मी चार वेळा वाचलं. माणसाच्या हातून वाढलेल्या गिधाडाला पंख फुटतात, पण मेलेल्या जनावरावर कधी उतरायचं, कुणाच्या आधी चोच घालायची नाही, पाण्यावर कुठे बसायचं, यातलं काही येत नाही. म्हणून तुम्ही मोठ्या पिंजऱ्यात एक पंख मोडलेली म्हातारी मादी ठेवली आहे आणि सातही तरणी गिधाडं दिवसभर तिच्याकडे बघतात. कोण कुणाचं बघून शिकतं, कोण कुणाशिवाय खाली उतरत नाही, हे तू तीन वर्षं वहीत लिहीत आली आहेस. दिवाळीनंतर दारं उघडायची. कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला कुणाच्या मागून, हे ठरवायला ती वही लागेल आणि वहीपेक्षा तू लागशील. वही दुसऱ्याला देता येते. तीन वर्षं बघितलेलं देता येत नाही.

आईला यातलं काही पटत नव्हतं, आणि तू तिचीच मुलगी असल्यामुळे तूही माघार घेतली नाहीस. मेलेल्या ढोरांच्या वासात आयुष्य काढतेस, तुला गिधाडं जवळची आणि आम्ही लांबचे, असं ती म्हणाली. तू म्हणालीस, हो, असंच समज. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही एकमेकींशी बोलला नाहीत. तुझा फोन आला की ती स्वयंपाकघरात जायची आणि भांड्यांचा आवाज थांबवायची. एवढं मी पाहिलेलं आहे, त्यापलीकडे तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. मग मे महिन्यात एका सकाळी ती कोडं अर्धवट टाकून खुर्चीतच कलंडली. तू पोचलीस तेव्हा सगळं झालेलं होतं.

दहाव्याच्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. ओंकारेश्वराच्या घाटावर त्या दिवशी पाच-सहा घरची कार्यं होती. शेजारी हडपसरचं मोठं कुटुंब होतं, त्यांची सोजरबाई नावाची आजी ब्याण्णव वर्षांची होऊन गेली होती. आपण अजून आत ओवरीत गुरुजींसमोर बसलो होतो, तेव्हा त्यांनी पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. त्यांच्यातल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, आजीचं काय बी राहिलं न्हाई बगा. आपला पिंड मी ठेवला, सगळे मागे सरले, मीही चार पायऱ्या वर येऊन उभा राहिलो. कावळे होते, पिंपळावर दाटीनं बसलेले होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मी स्वतःला जपेन म्हणून तुझ्या आईला सांगून झालं, घराची शांत करतो म्हणून सांगून झालं. शेवटी रतनआत्या रडत सगळ्यांदेखत म्हणाली, अवनी, तुझ्यातच अडकलाय गं तिचा जीव, बोल काहीतरी. सगळे तुझ्याकडे वळले. तू चप्पल काढलीस, पुढे गेलीस आणि म्हणालीस, आई, मी ते सगळं सोडते, बाबांजवळ येऊन राहते, मला क्षमा कर. तरीही कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि आपण घरी आलो. परत येताना रिक्षात तू माझा हात तेवढा धरून बसली होतीस.

मागच्या महिन्यात अविधवा नवमीला रतनआत्या पुन्हा आली. वर्षाच्या आत करत नाहीत असं गुरुजी म्हणाले, पण आत्यापुढे गुरुजींचं काय चालणार. मी गच्चीत पान ठेवलं आणि शेजारी उभा राहिलो. ऊन चढलं, भात वाळला, कुणी आलं नाही. आत्यानं तिथूनच तुला फोन लावला की अजून अडकलीच आहे गं. त्या फोननंतर तू राजीनाम्याची तारीख ठरवलीस. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या नम्रताला म्हटलं, जरा एवढं पान गच्चीत ठेवून ये, माझे गुडघे दुखताहेत. ती जिना उतरून खाली यायच्या आत पान रिकामं झालेलं होतं.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र काढलं ते लिहितो. घाटावरचे कावळे तुझ्या आईची कुठलीही इच्छा सांगत नव्हते, ते माझ्याकडे बघून ओरडत होते. तो लांबट आवाज मी पहिल्या मिनिटाला ओळखला. मी पाय धुवायला नळाशी भिंतीआड गेलो होतो, आठवतंय? परत येताना पाहिलं तर दोन कावळे पिंडाच्या वरच्या पायरीवर उतरले होते. मी दिसलो आणि ते उडाले. तुम्ही सगळे आत्याला सावरत होता, कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच वेळी तू चप्पल काढून पुढे निघालीस. मी फक्त पुन्हा त्या भिंतीआड जायला हवं होतं, अवनी. कावळा शिवला असता आणि तू मोकळी होऊन तुझ्या कामाला परत गेली असतीस. मी गेलो नाही. तू काय म्हणणार आहेस ते मला कळलं होतं आणि मला ते ऐकायचं होतं. गच्चीतही मी मुद्दाम पानाशेजारी उभा राहिलो. ती इच्छा माझी होती. मी ती तुझ्या मेलेल्या आईच्या नावावर खपवली आणि पाच महिने तुला तिच्या ओझ्याखाली राहू दिलं. या घरात मला एकट्याला फार भीती वाटते, हे सरळ तुला सांगण्याची माझ्यात हिंमत नव्हती. आज सांगतो आहे, पण ते ऐकून तू यावंस म्हणून नव्हे. तुझ्या आईला तू दिलेला शब्द तिच्यापर्यंत गेलेला नाही, तो मीच मधल्यामध्ये घेतला आणि तो मी तुला परत करतो आहे. सोमवारी राजीनामा देऊ नकोस. माझ्यावर रागावलीस तर दिवाळीनंतरही फोन करू नकोस, मी समजून घेईन. घाटावर मी मागे सरायला हवं होतं. आज सरतो आहे.

तुझाच,
बाबा