उजव्या फांदीतली बटणं

५ ऑक्टोबर १९९८

पोचले एकदाची. बसने चार तास घाटात घुसळून काढलं, पण उतरल्याबरोबर पाइनच्या झाडांचा असा वास आला की सगळं विसरले. छातीच्या रोगांचं दोन मजली इस्पितळ, व्हरांड्यात तीन मांजरं. मुख्य परिचारिका स्तोयकाताईंनी आधी घेवड्याचं सूप पुढ्यात ठेवलं आणि मग सरळ सांगून टाकलं की मी नाताळपर्यंत टिकते का, यावर त्यांची स्वयंपाकिणीशी पैज लागलीय. त्यांच्या मते मी टिकणार नाही.

मोठे डॉक्टर ख्रिस्तोझोव्ह सत्तरीला टेकलेत. हात कापतात म्हणून त्यांनी श्वासनळीच्या दुर्बिणीची पेटी माझ्या हवाली केली, मुलगी सासरी पाठवावी तशी. गिळताना चुकून श्वासात वस्तू जाते ती फक्त पोरांच्या, असं लोकांना वाटतं. आधी प्लोव्हदिवच्या मोठ्या इस्पितळात होते, तिथे मी मोठ्या माणसांच्या छातीतून कवळीचा तुकडा, कोंबडीचं हाड आणि गादीवाल्याने दातात धरलेला बारीक खिळा काढलाय. इथेही काम मिळेल.

१३ ऑक्टोबर

मिळालं! रुसी, वय एकसष्ट, इथल्या शर्टांच्या कारखान्याची गाडी चालवतो. दीड वर्षं खोकला. आधी दमा म्हणून औषधं झाली, मग सिगारेटला शिव्या. एक्स-रेत काही दिसेना, पण कान लावला तर शिट्टी फक्त उजवीकडे खाली. भूल देऊन नळी उतरवली. श्वासनळीची उजवी फांदी सरळ खाली जाते, म्हणून सगळं तिथेच अडकतं. सुजलेल्या मांसाआड काहीतरी पांढरं होतं. चिमट्याने धरलं, हलकेच फिरवलं आणि ओढलं. शर्टाचं बटण! चार भोकांचं, निळ्या दोऱ्यासकट. शुद्धीवर आल्यावर रुसी म्हणाला, "मी काय बटणं खातो का?" आम्ही सगळे हसलो. संध्याकाळी त्याच्या बायकोने गरम बानित्सा पाठवली, खुसखुशीत थरांची, चीज घातलेली. मी तीन तुकडे खाल्ले.

एकच कळत नाही. दीड वर्षं ओल्या मांसात राहिलेला दोरा कुजायला हवा होता. हा कोरा होता.

२० ऑक्टोबर

गेनोवेवा, त्याच कारखान्यात इस्त्री करते. तसंच बटण, तोच निळा दोरा. ती हसली नाही. ताटलीत पाहिलं आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी चहाला बोलावलं. रजिस्टरमध्ये 'अन्नकण' लिही म्हणाले. दोनशे घरांची चूल त्या कारखान्यावर पेटते, उगाच बोभाटा नको. फार मायेने बोलले. मी लिहिलं, रुसीच्या ओळीतही तेच केलं. बटण काय, दाणा काय, बाई बरी झाली ना.

२६ ऑक्टोबर

आज कारखान्याची मुकादमीण मिन्का आपणहून आली. ओठ काळेनिळे. भूल द्यायच्या आधी माझं मनगट धरून तिने सगळं सांगितलं.

तेमेनुगा नावाची शिवणारी होती. हात मोकळे राहावेत म्हणून बटणं तोंडात धरायची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, भर दुपारी तिला ठसका लागला. बाहेर परदेशी जायच्या मालाचा ट्रक उभा होता. ती हात हलवत होती. मिन्का म्हणाली, "मी म्हटलं, नाटकं पुरे झाली, शंभर शर्ट राहिलेत." आधी गेनोवेवा हसली, मग सगळ्याजणी. रुसीला म्हटलं इस्पितळात ने, तर तो म्हणाला आधी माल चढवतो. इथे आणली तेव्हा ती गेलेली होती. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर 'हृदय बंद पडून' लिहिलं.

"पाच बटणं होती तिच्या तोंडात, डॉक्टरीणबाई. नंतर एकही सापडलं नाही."

मिन्काचंही निघालं. शुद्धीवर येताच तिने विनवलं की निदान माझं तरी खरं लिहा. मी मोठ्या डॉक्टरांना विचारायला गेले. ते नको म्हणाले. बोलताना दोनदा खोकले.

मी 'अन्नकण' लिहिलं.

२९ ऑक्टोबर

मोठे डॉक्टर सकाळी स्वतःच टेबलावर येऊन झोपले. माझ्याकडे बघितलं नाही.

बटण दिसलं. धरलं. पण दोरा या वेळी लांब होता, खाली अंधारात गेलेला. मी ओढलं तसा तो ताठ झाला. आणि खालून कुणीतरी ओढलं. एकदा नाही. मी ओढावं, त्याने ओढावं, असं. माझा हात नळीपर्यंत खेचला गेला. स्तोयकाताईंनी पाहिलं. मग दोरा सुटला आणि बटण खाली गेलं, आणि छाती हलायची थांबली.

३० ऑक्टोबर

माझ्या हातून मेले म्हणतील. दोऱ्याचं कुणाला सांगू? कागदावर लिहिलं: हृदय बंद पडून.

स्तोयकाताई एवढंच म्हणाल्या, "तूसुद्धा?"

१ नोव्हेंबर

खोकला. थंडी असेल.

उजवीकडे खाली शिट्टी. स्वतःच कान — स्टेथोस्कोपने ऐकलं. तीनदा ऐकलं. मी काही गिळलं नाही, तोंडात काही धरलं नाही —

चार झाली होती. पाच म्हणाली होती मिन्का.

२ नोव्हेंबर, दुपार

इथे दुर्बीण घालणारं दुसरं कुणी नाही. स्मोल्यानच्या इस्पितळातून रुग्णवाहिका निघालीय, दोन तास लागतील. बसूनच राहते, आडवं झालं की —

स्तोयकाताईंना रजिस्टर मागितलं. रुसीचं खोडलं. बटण लिहिलं. जरा हवा आत गेली. खरंच गेली. गेनोवेवा. मिन्का. प्रत्येक ओळीला थोडी —

तेमेनुगाचाही कागद काढून दिला ताईंनी. 'हृदय' खोडलं. श्वासनळीत बटणं, मदत दिली नाही. तेमेनुगा, वय सव्वीस. सव्वीसच —

मोठ्या डॉक्टरांचं राहिलं. तिथे सही माझी आहे. हात उचलवत नाही. कुणाकडे बोट दाखवता येत नाही तिथे — खालून ओढतंय — आधी इथे लिहिते, मग तिथे. खोटं मी लिहिलं. भीतीने. मी, डॉक्टर झ्लाति—