शेपटीवाला एक

४ जून

चि. ठमे,
अ. उ. आ.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. भूगोलाच्या वर्गातला खिळा उपटला. पंचवीस वर्षं त्याला माझी छत्री टांगत आलो. आता ती बगलेत धरून पहारेकऱ्यासारखा हिंडतो. रंगाऱ्याला भिंत मोकळी हवी होती म्हणे!

त्याच खिळ्यावरचा तक्ताही गेला, ‘पृथ्वीचे वय २०० कोटी वर्षे’ वाला. नव्या बाई तो गुंडाळताना हसल्या. म्हणाल्या, सर, हा आकडा तुमच्या जन्माआधीच बाद झाला. ४५४ कोटी म्हणतात आता. म्हणजे माझ्या हाताखाली पृथ्वी अडीचशे कोटी वर्षांनी तरुण राहिली. कुठल्याही मलमाने तुझ्या मामीला हे साधलेलं नाही. (तिला कळवू नकोस.)

तुमच्या प्रयोगशाळेत खडकांची वयं काढता ना? ठीक चाललंय?

माया पातळ होऊ देऊ नये.
मामा

९ जून

ती. मामांस,
सा. न.

सातवीत मी ४५४च लिहिलं होतं! तुम्ही तक्त्याकडे बोट दाखवून फुली मारलीत, आणि एका गुणाने माझा पहिला नंबर गेला. आईने ती उत्तरपत्रिका अजून जपली आहे, खास तुम्हाला टोमणे मारायला.

पण आता माझीच फजिती झाली आहे. तळ्याकाठच्या खडकाचं वय मी १२० कोटी काढलं, साहेबांनी ते छापलंही. परवा कळलं, खडकाच्या भुकटीची बाटलीच चुकली. हवी होती नऊ नंबरची, तपासली एक नंबरची. तुम्ही शिकवलेला तो शेपटीवाला एक! माझाच एक मला नऊ वाटला. खरं वय निघतंय ८५ कोटी.

अजून कुणाला ठाऊक नाही. शनिवारी बैठक आहे. सांगितलं तर नोकरी कायम व्हायची नाही. गप्प बसले तर खडक काही चुगली करणार नाही. काय करू?

लोभ आहेच, तो शनिवारनंतरही राहावा.
ठमी

१२ जून

चि. ठमे,
अ. उ. आ.

पृथ्वीचं वय कुणी धर्मग्रंथातल्या पिढ्या मोजून सहा हजार वर्षं सांगितलं. कुणी तापलेला गोळा निवायला किती काळ लागेल याचं गणित मांडलं, कुणी समुद्रातलं मीठ मोजलं. आकडा कोटींत गेला. मग खडकातच किरणोत्साराचं घड्याळ सापडलं, तेही आधी मागे पडलेलं. सगळी हुशार माणसं, सगळी चुकली, आणि चूक उघड झाली की आकडा पुढे सरकला. जागचा हलला नाही तो एकटा मी. छत्रीची सोय होती ना!

तेव्हा सांगून टाक. साहेब ओरडतील, ओरडू देत. नोकरीचं छातीठोक सांगत नाही. माझे आकडे कसे असतात ते तू जाणतेस.

काल वर्गात माझी चूक सांगितली. पोरं पोट धरून हसली. संध्याकाळी ताईकडे जाऊन तुझी उत्तरपत्रिका मागून घेतली, फुली खोडली, लाल शाईने एक गुण वाढवला, शेजारी सही केली. ताईने टोमण्याऐवजी चक्क चहा दिला. सोबत पाठवतो आहे. शनिवारी जवळ ठेव.

माया करत राहावी, गुण कापू नयेत.
मामा

ता. क. लाल शाईतल्या त्या एकाला शेपटी जोडलेली नाही.