यशोदेची भेट होईपर्यंत

श्रावण वद्य १
आज पोथी नको तिथे बांधली आणि तिथूनच सगळं फिरलं. अक्रूर कृष्णाला रथातून नेतो, यशोदा मागे राहते, नेमकं तिथे. विरहावर पोथी थांबवायची नसते, भेट होईपर्यंत वाचायचं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शेजारच्या वकिलांची मुलगी व. मध्येच उठली. जिन्यात गाठावी म्हणून घाईघाईने रुमाल गुंडाळला. गाठ पडलीच नाही. परत आलो तर आई जागची हललेली नाही. एवढंच म्हणाली, "उद्या अण्णा यायचा होता रे."

वद्य २
अण्णा आला नाही. स्टेशनात संध्याकाळपर्यंत बसलो.
तान्हा असताना सवतीचं पोर म्हणून आईच्या ओटीत आला, तिनेच वाढवला. वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं तेव्हा ती चुलीपुढून उठली नाही. ते तिला अजून डाचतं. वडील गेले, आणि आता कुठे त्याने मोडनिंबाहून आपणहून निरोप धाडला होता.
काकू म्हणाल्या, कॉलेज अर्ध्यात, पोथी अर्ध्यात, पुरं काय करतोस रे तू, जेवण? पाट आपटून उठलो. जेवण पण अर्ध्यात.

वद्य ३
बाजारात मोडनिंबकडचा गाडीवान भेटला. "पटकी लागलीया तिकडं. लई मानसं गेली की." अण्णाचं नाव सांगितलं, मास्तर आहेत म्हटलं. त्याला ठाऊक नाही.
आईला बोललो नाही. असल्या शकुनांवर प्रोफेसरांशी भांडलेला मी, आणि आता रस्त्याने चालताना ती अर्ध्यात बांधलेली पोथीच आठवते. माझ्यामुळेच तर...

वद्य ४
सकाळपासून वाचतोय. कंस मेला, देवकी-वसुदेव सुटले, लेकाला पोटाशी धरलं. हुश्श केलं. झाली भेट, बांधू का, विचारलं.
आई म्हणाली, "ती देवकीची. मी कुठं देवकी?"
यशोदेची भेट फार पुढे, पार कुरुक्षेत्रात. मधलं गाळायचंही नाही.

वद्य ६
घसा बसला. गरम पाणी पिऊन वाचन. व. येऊन बसली होती म्हणे. मान वर केली नाही. गिरणीचा भोंगा झाला तरी दचकतो. दारात कुणी उभं राहिलं की वाटतं, आला निरोप.

वद्य ७
ग्रहणाच्या स्नानाला सगळे कुरुक्षेत्री जमले. कृष्ण आता लेकरा-नातवांचा. यशोदेने त्याला तसाच मांडीवर घेतला. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पोथी नीट बांधली, कपाळाला लावली.
आई रडत हसत होती. "विचारलं नाही बघ तिने, इतके दिवस कुठं होतास." मग म्हणाली, "भरून पावले मी. आता तो आला काय, न आला काय."
हे ऐकलं आणि पहिल्यापेक्षा जास्त घाबरलो.

वद्य ८
आज अष्टमी. आई पाळणा सजवते आहे, गुणगुणते आहे. अण्णाचं नाव नाही, दाराकडे बघणं नाही. माझं नाही भरत पोथीतल्या भेटीने. तो तिकडे पडला असेल तर? मला ओळखेल? पटकीचं आईला अजून सांगितलेलं नाही, सांगवत नाही. कुर्डुवाडीची गाडी धरायची, तिथून मोडनिंब, पुढे बघू. आई विचारते आहे, उपासाचा कुठे निघालास. आलोच म्हटलं.
चपला घातल्या. दार ओढून घेतो.