गादीवर पडून राहण्याचं काम

३ फेब्रुवारी, सोमवार

नवं खूळ! आमच्या मनुष्यबळ विभागाच्या मोठ्या बाईंनी आज फर्मान काढलं – गाद्यांच्या या कारखान्यातल्या एकूण एक कामाचं नव्याने वर्णन लिहायचं. कोण काय करतं, कसं करतं, कशासाठी करतं. आधी शेजारी बसून बघायचं, मग मुलाखत घ्यायची, मग लिहायचं. आणि त्या वर्णनावरून पुढे प्रत्येकाचं मूल्यमापन!

"वर्णन कामाचं करायचं, माणसाचं नाही," हे बाईंनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे? इतकी वर्षं याच खुर्चीत काढली की मी!

४ फेब्रुवारी, मंगळवार

शिलाई विभाग उरकला. मुलाखतीत शिलाईवालीने माझ्या ब्लाउजची उसवलेली बाही दाखवली आणि बोलता बोलता शिवूनही दिली. हे वर्णनात बसत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तपासणी. तपासनीस म्हणजे तयार झालेली गादी पास किंवा नापास करणारा माणूस. कशी करतो? झोपून! खरंच. मी कागद-पेन घेऊन खुर्चीत ताठ बसलेली, आणि समोर एक चांगला धडधाकट माणूस डोळे मिटून आडवा. नोंद तरी काय करणार? "पडले. उजव्या कुशीवर वळले. डाव्या कुशीवर वळले. पडून राहिले." मला हसू आवरेना. तोंडावर पदर धरला तरी फिसकन आवाज आलाच.

डोळे न उघडता ते म्हणाले, "मॅडम, हसण्यासाठी वेगळा रकाना आहे का?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लाज गेली आज!

पद्धतच आहे तशी – जमण्यासारखं असेल तर ते काम स्वतः करून बघायचं. म्हणून मी झाले आडवी. "कमरेखाली काय वाटतंय, नुसतं तेवढ्याकडे लक्ष द्या," तपासनीस म्हणाले. दिलं लक्ष. आणि लागली झोप! गाढ! जाग आली तेव्हा अंगावर कोरी चादर घातलेली, गाद्या भरणारे भराईवाले सगळे दाराशी उभे राहून खिदळतायत, आणि गादीच्या कोपऱ्यावर 'पास'चा शिक्का.

"मॅडम घोरल्या, म्हणजे माल एक नंबर," तपासनीस गंभीर चेहऱ्याने म्हणाले. घोरले! मी!

घरी आईला सांगितलं तर ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "लग्न झालंय का गं त्यांचं?" आईची गाडी कुठूनही निघाली तरी त्याच स्टेशनवर येते. मी चाळिशीला आले तरी तिने आशा म्हणून सोडलेली नाही.

(झालेलं नाही. मुलाखतीत वैयक्तिक माहिती विचारावीच लागते.)

१० फेब्रुवारी, सोमवार

तपासणीच्या कामाचं वर्णन बाईंनी परत पाठवलं. आधी मला समोर उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं – "'गादी नापास करताना भराईवाल्यांना लागेल असं बोलत नाहीत. हसायच्या आधी डोळे बारीक करतात.' हे काय आहे?"

"भराईवाल्यांना बरं वाटतं, बाई. त्याचा कामावर परिणाम होतो."

"उद्या हे गेले तर जाहिरात काय द्यायची? डोळे बारीक करणारा माणूस पाहिजे म्हणून?"

पुन्हा लिहिलं. पुन्हा परत! या वेळी 'बोटं लांब आहेत' या वाक्यावर लाल रेघ. नवशिक्यांना मी पहिल्याच दिवशी हीच चूक टाळायला शिकवते. काम बघायला बसायचं आणि माणूस बघत बसायचं, ही ती चूक. आणि मीच!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन तासांवरच्या गावात आमचा नवा कारखाना उघडतोय. तिथे तपासणी-प्रमुखाची जागा आहे, आणि आपल्या तपासनीसांनी अर्ज केलाय. स्वतःहून! मूल्यमापनात 'उत्तम' शेरा मिळाला तरच जागा मिळणार.

आणि शेरा कोण देणार? मी.

बाईंनी हे सगळं चहा पिता पिता सांगितलं. माझा चहा तसाच राहिला. तपासनीस मला एका शब्दाने बोलले नाहीत. का बोलावं म्हणा! मी कोण त्यांची? जा म्हणावं खुशाल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आईशी भांडले. कारण काही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मूल्यमापनाचा कागद समोर घेतला. 'उत्तम'च्या खालीच 'चांगला' आहे. 'चांगला'वर खूण केली तर कोण विचारणार होतं? माणूस चांगला आहेच की! ते इथेच राहतील, जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन काहीतरी खोडी काढतील, सगळं आहे तसं चालू राहील. पेन 'चांगला'वर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. शी! माझीच मला किळस आली.

तडक बाईंकडे गेले. "तपासनीसांचं मूल्यमापन माझ्याकडून काढून घ्या."

"का?"

"माझ्याच्याने निःपक्षपाती होणार नाही."

"राग आहे त्यांच्यावर?"

"उलट!" गेलं तोंडातून निघून. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की माझे कान तापले. मग म्हणाल्या, "बरं. हिशेबनीसांकडे देते." हसू दाबत होत्या, मी पाहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिशेबनीसांनी 'चांगला' दिला! त्यांनी तर सगळ्यांनाच 'चांगला' दिलाय. "एकाला वर चढवा, दुसऱ्याला खाली उतरवा, कशाला ती कटकट?" असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे तपासनीस कुठेही जात नाहीत! आणि मी काहीसुद्धा केलेलं नाही, माझे हात स्वच्छ. घरी येताना आईसाठी फुलं घेतली. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, दिसली म्हणून घेतली.

२३ फेब्रुवारी, रविवार

ती फुलं बघवत नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही बसवलं! सकाळी तपासणीत गेले. तपासनीस एका गादीच्या काठावर नुसते बसून होते. मला बघून उठले, "या मॅडम, झोपायला आलात?" म्हणाले. विनोद नेहमीचाच, पण आवाजात जीव नव्हता. माझं टाळकंच सटकलं.

हिशेबनीसांना गाठलं. "त्यांच्याजवळ घटकाभर तरी बसलात का?"

"झोपलेल्या माणसाजवळ बसून बघायचं काय?"

तिथून बाईंच्या खोलीत. दार वाजवायचंही भान राहिलं नाही. "बाई, काम न बघता शेरा दिलाय. हा अन्याय आहे! ते आल्यापासून गिऱ्हाइकांकडून गाद्या परत येणं जवळजवळ थांबलंय. ते बघितलं कुणी?"

"तुम्ही यातून बाजूला झाला होतात ना?"

"शेरा मी देतच नाहीये. जो कोणी देईल त्याने बघून द्यावा, एवढंच म्हणतेय."

"आणि गेले निघून, तर?"

"जाऊ देत." आवाज कापला मेला, ऐन वेळी.

बाई म्हणाल्या, "उद्या मी स्वतः जाऊन बसते."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाई सकाळपासून तपासणीत. दुपारी स्वतःच एका गादीवर आडव्या झाल्या आणि लवकर उठेनात. भराईवाले चवड्यांवर चालत होते!

संध्याकाळी शेरा आला. 'उत्तम'.

मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रजा. मनसोक्त रडले. मला बघून आईही रडली, का ते न विचारता. मग नाक पुसून म्हणाली, "झालं ना? चल, आता जेवून घे." दोघींनाही एकदम हसू आलं. आई आहे म्हणून बरं आहे बाई माझं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासनीस निरोप घ्यायला आले. मी "अभिनंदन" म्हटलं आणि उगाच कागद चाळत बसले. ते हलेनात.

"मॅडम, आता विचारलं तर चालेल ना?"

"काय?"

"नवरा-बायकोला एकाच कारखान्यात नोकरी करता येत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणून आधी बदलीचा अर्ज केला. घर मधल्या गावात बघू. तुमच्या आईंनाही आवडेल."

तो नियम मीच लिहिलाय! माझ्या हाताने! कारखान्याला वाटलाही मीच. तो कधी मलाही लागू होईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हो म्हटलं.