मीटरचे आठ सेकंद

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
संकल्प : शुक्रवारपर्यंत लॅबमधले सगळे मीटर कॉम्प्युटरवरून चालवायचे. बटणं दाबणं बंद. इथून कमांड पाठवायची, शेवटी प्रश्नचिन्ह टाकायचं, मीटर मोजून आकडा पाठवतो. डाव्या हातचा मळ. रविवारी बाबांकडे जायचं.

५ मार्च
आकडा आला नाही. एरर आली : ‘क्वेरी इंटरप्टेड’, म्हणजे प्रश्न मध्येच तुटला. केबल भंगार आहे. खरेदीवाल्याला झापलं.
संध्याकाळी बाबांना फोन. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं बोलणं फार सावकाश झालंय. कसे आहात, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारलं. एका मिनिटात आटोपलं. रोज फोन करणारा मुलगा आजकाल मिळतो कुणाला?

७ मार्च, शुक्रवार
नवी केबल. तीच एरर. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, सर, या मीटरला मोजायला आठ सेकंद लागतात. तुम्ही विचारता आणि उत्तर न वाचताच पुढची कमांड पाठवता. मग तो पहिलं उत्तर टाकून देतो.
मला शिकवतात! बावीस वर्षं या खुर्चीत काढली मी. मीटरच मठ्ठ आहे.

९ मार्च, रविवार
बाबांकडे जाणं झालं नाही. गुरुवारी साहेबांना डेमो द्यायचाय. ताईचा फोन आला, ती बाबांजवळच राहते. म्हणे, बाबांना बोलायचं असतं रे, तू विचारतोस आणि ठेवून देतोस. ताईला पहिल्यापासून राईचा पर्वत करायची सवय.

११ मार्च
तोडगा सापडला! प्रश्नच काढून टाकले. नुसत्या कमांड. एकही एरर नाही. आकडाही येत नाही, पण ते पुढचं पुढे.
फोनवरही तेच केलं. जेवा, गोळ्या घ्या, झोपा. वेळ वाचतो.

१३ मार्च
डेमो. साहेबांनी विचारलं, आकडे कुठेत? किरकोळ अडचण आहे म्हणालो.

१४ मार्च
पहाटे बाबा गेले.

२४ मार्च, सोमवार
ताईने काल सांगितलं. मी फोन ठेवला तरी बाबा तो कानालाच धरून बसायचे. शब्द जुळवून जुळवून वाक्य पुरं करायचे. मी बरा आहे. तू कसा आहेस? शेवटचे तीन दिवस मी विचारलंच नव्हतं, तरी उत्तर द्यायचे.
फार वाईट वागलो मी.
आज प्रोग्रॅममध्ये थांबायची ओळ घातली. प्रश्न पाठवला आणि हात मांडीखाली घेऊन बसलो. आठव्या सेकंदाला आकडा आला. मॅडमना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी विचारलं, सर, तुम्ही कसे आहात?
मला लगेच बोलता येईना. त्या थांबल्या.